लागलं का, आणि किती लागलं

संभा खोटारडा होता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सगळे त्याचे वर्दीतले फोटो टाकतायत. मी हे लिहितेय. कुणाला राग आला तर येऊ दे.

संभा माझा वडूजच्या शाळेतला वर्गमित्र. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाला, मलकापुरात घर बांधलं. पोस्टिंगवर कुणीतरी त्याला फाशांचा एक खेळ शिकवला होता. टेबलाभोवती बसायचं, कुणी योद्धा व्हायचं, कुणी चोर, आणि एकानं गोष्ट पुढं न्यायची.

ते वेड त्यानं गावाकडं आणलं.

दर रविवारी त्याच्या हॉलमध्ये आम्ही चौघं. गोष्ट सांगणारा संभा. त्याची बायको सुरेखावैनी चोर. शेजारचा मोबाइल रिपेअरिंगवाला पिंट्या योद्धा. आणि मी, मराठीची मास्तरीण, वैदू.

पहिल्याच रविवारी गोष्टीत अस्वल आलं. मी गोफण फिरवली, वीस बाजूंचा फासा टाकला.

एकोणीस!

"एकोणीस डॅमेज! मेलं अस्वल!" मी ओरडले.

सगळे पोट धरून हसले.

"आगं मास्तरीण, ज्वारी राखायला जायचो ते आठवतं का? दगड पाखराला लागला का, ही एक गोष्ट. किती लागला, ही दुसरी. ह्या फाशानं लागला का, तेवढंच कळतं. डॅमेजला येगळा फासा."

मग त्यानं गोफणीचा चार बाजूंचा बारका फासा हातात दिला. पडले दोन. वर माझा बोनस एक. झाले तीन.

"आता अस्वलाच्या हिट पॉइंटमधनं, म्हंजे उरल्याल्या जिवातनं, तीन वजा. संपलं गणित."

अस्वलाला ढिम्म काही झालं नाही. पण मला मात्र डॅमेज कायमचं कळलं.

गोष्ट सांगणारे म्हणे समोर पुठ्ठा उभा करतात, आपले फासे झाकायला. संभानं कधीच केला नाही. "आपल्यात झाकाझाकी न्हाई," म्हणायचा.

एकदा पिंट्याच्या योद्ध्याचे दोनच पॉइंट उरले होते. पठ्ठ्यानं ऐटीत कुणाला सांगितलं नाही. पुढच्याच घावाला गेला.

संभा केवढा भडकला!

"वैदू शेजारी बसलीया आन् तू गप? मर्दानगी दावतोस व्हय रं? तिला कळलंच न्हाई तर ती औषध देणार कुणाला?"

तेव्हापासून रूलच झाला. किती लागलं ते मोठ्यानं सांगायचं.

आणि स्वतः?

दिवाळीनंतर त्याचा शर्ट अंगावर लोंबायला लागला. मी विचारलं, "काय झालंय रे?"

"काय न्हाई गं. पोटात जरा दुखतंय."

"किती?"

"सब ठीक. फासा टाक, तुझी पाळी हाय."

फौजेतल्या हजेरीची सवय. काही का होईना, रिपोर्ट एकच.

तेराव्याला पंगतीत पिंट्या बोलून गेला, "डॉक्टरनी पहिल्यापास्नंच हात टेकले हुते ओ बाई."

पहिल्यापास्नं!

म्हणजे पिंट्याला माहीत. वैनींना माहीत. माझ्यासमोर बसून सगळे राक्षसाचं डॅमेज मोजत होते, आणि एकट्या वैदूला पत्ता नाही.

मी वैनींना गाठलं. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "त्यांनी शपथ घातली हुती. म्हणले, ती रडत बसंल, खेळ बंद पडंल. मला माझा रविवार पायजे."

अरे, आणि मला नको होता?

शेवटच्या रविवारी मी तुझ्याशी गोफणीच्या बोनसवरून भांडत बसले. तू हसत होतास. तुला माहीत होतं शेवटचा आहे. मला नव्हतं.

माझ्याकडं औषध नव्हतंच रे. पण नुसती शेजारी तरी बसले असते.

विश्वासघात म्हणतात याला. दुसरा शब्द मला सापडत नाही, आणि मी मराठी शिकवते.

वर्षभर तुझ्या घराची पायरी चढले नाही. या रविवारी वैनींनी बोलावलंय. पिंट्या गोष्ट सांगणार आहे. पुठ्ठा ठेवायचा नाही, असं त्याला बजावलंय.

रूल तुझाच. बसल्या बसल्या मी मोठ्यानं सांगणार आहे.

लय लागलंय, संभा. अजून लागतंय.

माझी श्रद्धांजली घे. पण सब ठीक मी म्हणणार नाही.