अयोध्याबाईचा मेहनताना

डॉक्टर फी म्हणतो ते मोबाइलकडं बघत. जीपवाला भाडं म्हणतो ते लातूरपर्यंत ऐकू जाईल असं. महाराज दक्षिणा म्हणताना डोळे मिटतात, पण हात उघडाच असतो. किल्लारीत या सगळ्यांची नक्कल मी करतो. अयोध्याबाईची केली की मात्र लोक आधी हसतात आणि मग गप्प बसतात.

आमच्या आळीत बाई वारली की तिला शेवटची आंघोळ अयोध्याबाई घालते. त्याबद्दल मेलेल्या बाईच्या अंगावरून उतरवलेली साडी तिला मिळते. कुणी "घे गं, दान समज" म्हटलं की ती कमरेवर हात ठेवायची.

"दान भिकाऱ्याला द्या, अक्का. म्या आंघोळ घातलीय. ह्यो माझा मेहनताना हाय!"

तो शब्द ऐकल्याशिवाय ती साडीला हात लावायची नाही. सगळ्या आळीला तिनं तो पाठ करायला लावला.

मागच्या उन्हाळ्यात तिची लेक राजकन्या बाळंतपणात गेली. सासर गावातच. आंघोळ घालायला दुसरं कोण येणार? अयोध्याबाईनंच घातली. मग सासूनं सवयीनं उतरवलेली साडी पुढं केली. लग्नात अयोध्याबाईनंच लेकीला घेतलेली, हिरवी.

"घ्या ईनबाई, तुमचा मेहनताना."

सवाष्णीच्या अंगावर शेवटी माहेरची साडी टाकतात. माहेरी अयोध्याबाईशिवाय कुणी नव्हतं. तिनं ती हिरवी साडी झटकली आणि लेकीवर पांघरली.

"आज मेहनताना न्हाई," ती म्हणाली. "माहेरचं लुगडं म्हना."