बिनओहोटीचं तळं

द्वारकी दुसऱ्यांदा पाण्याखाली गेली तेव्हा मी होडीत बसून हसत होते. हसू भीतीचं होतं की खुळेपणाचं, ते आजही सांगता येणार नाही. द्वारकी माझी नणंद, पासष्टीची. भिवंडीच्या बागेतलं तळं, भर दुपार, आणि तिच्या नऊवारीचं टोक होडीच्या पायडलमध्ये अडकलेलं.

आता सकाळपासून सांगते.

आम्ही दोघी खाडीकाठच्या. ती लग्न होऊन भिवंडीला लागून असलेल्या टेमघरला गेली, मी तिच्या माहेरी नांदले. शुक्रवारी भिवंडीची बाग बघायचं ठरलं, म्हणून मी तिला घ्यायला टेमघरला उतरले. शुक्रवारी भिवंडीत कापड विणायचे लूम बंद. सगळ्या शहराची खडखड थांबते आणि सगळी माणसं रस्त्यावर येतात. रस्ता ओलांडताना द्वारकीने माझा पदर धरला होता. कोण कोणाला ओढत होतं, ते ठाऊक नाही.

एका शाळेच्या हॉलात चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. तिकीट नव्हतं आणि पंखे होते, म्हणून आधी तिथे गेलो. एका चौकटीत नुसते लाल-काळे पट्टे होते.

द्वारकी म्हणाली, "वयनी (वहिनी), ह्यो त साडीचा काठ हाय. साडी कुठं गेली?"

मला हसू फुटलं. पुढच्या भिंतीवर मात्र आमची खाडी होती. चिखल, होडी, वल्हं मारणारा माणूस. द्वारकी चित्राला नाक लावून उभी राहिली. चित्र काढणारा दाढीवाला पोरगा शेजारीच होता.

"पानी भरतीचं का ओहोटीचं?" तिने विचारलं.

"आजी, ते... संध्याकाळचं आहे."

"संध्याकाल दिसते रं मना (मला). होरी (होडी) रुतलेली हाय नि ह्यो वल्हं मारतो! उतरून ढकलायची असते."

"कशी?"

झालं. तिने काष्टा वर खोचला, एका खुर्चीला खांदा लावला आणि ती खुर्ची करकर करत हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेली. लोक चित्रं सोडून तिला बघायला लागले. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तिच्या डोक्यात गेल्या.

बाहेर कांदाभजी खाल्ली आणि बागेत शिरलो. 'गवतावर बसू नये' अशी पाटी मी अक्षर अक्षर लावून वाचली. पाटीच्या बुडाशी दहा माणसं गवतावर पत्ते खेळत होती. सिमेंटचं हरीण होतं, त्याला एक शिंग. मला गुलाब बघायचे होते, पण द्वारकीला बदकाच्या तोंडाच्या होड्या दिसल्या.

"चालीस वर्सं झाली होरीन बसून. मना बसायचाय."

"आपण बाग बघायला आलोय गो."

"बाग कुठं पलत नाय!"

बसलो. सायकलसारखी पायडलं मारायची. दोन म्हाताऱ्या, चार गुडघे, आणि बदक नुसतं गोल फिरतंय. आम्ही इतक्या हसलो की माझी कवळी सुटायला आली. मग तळ्याच्या मध्यावर पाणवनस्पती दाटली होती, तिच्यात होडी अडली.

"रुतली," द्वारकी म्हणाली.

खरं सांगते, मी तिला थांबवलं नाही. होडी अडली की एकीने उतरायचं, हे दोघींच्या अंगात मुरलेलं. उलट मीच म्हटलं, "मागून लाव खांदा." खाडी दिवसातून दोनदा रिकामी होते. तळं होत नाही, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

ती उतरली आणि दिसेनाशी झाली. वर आली. "वयनी, तल न्हाय!" म्हणाली आणि पुन्हा गेली. आम्हाला चिखलात चालता येतं, पोहता येत नाही.

काठावर एकजण मोबाइल कानाला लावून ओरडत होता, "हाँ, एक बुड्ढी डूब रही है... नहीं, दूसरी हँस रही है!"

ते ऐकलं आणि माझं हसू थांबलं. मी पायडलमधली साडी धरली आणि जाळं ओढतात तशी मुठीवर मूठ टाकून ओढली. साडी सुटत होती, पण कमरेच्या गाठीने धरलं. द्वारकीचा हात होडीच्या काठाला लागला. तेवढ्यात एका लूमवाल्याने लुंगी-बनियनसह उडी मारली, दोन हात मारले आणि आमच्याजवळ येऊन गटांगळ्या खाऊ लागला.

"चाची, हमको तैरना नहीं आता!"

द्वारकीने रिकाम्या हाताने त्याचं बनियन पकडलं. "तो उडी कायको मारा रे?"

"सब चिल्लाए, तो मार दी!"

मी साडी सोडली नाही. माझे तळवे सोलले. शेवटी होडीवाला दुसऱ्या होडीतून बांबू घेऊन आला आणि त्याने सगळ्यांना काठाला आणलं.

"आजी, मध्येच उतरतं का कुणी?" तो ओरडला.

"मग तुज्या तल्याला तल न्हाय, ह्या सांगायला काय झालेलं?" द्वारकी नाकातून पाणी काढत म्हणाली.

लूमवाला गोरखपूरकडचा निघाला. त्याला आम्ही चहा पाजला. तो शिंकत होता आणि हसत होता. रिक्षावाल्याने आमच्याखाली वर्तमानपत्रं अंथरली, तरी सीट भिजलीच. टेमघर येईपर्यंत द्वारकीने माझा हात सोडला नाही, आणि सोलला होता तरी मीही ओढून घेतला नाही.

गावात बायका अजून विचारतात, बाग कशी होती. गुलाब मी पाहिलेच नाहीत. द्वारकी जगली, गोरखपूरवाला जगला, आणि खांदा लाव म्हणणारी मीही जगले.