सिनेमाचा शेवट आबा सांगायचे

आबांना शेवटपर्यंत थांबायची सवयच नव्हती. मी गाव सोडलं त्या दिवशी ते शिंदखेड्याच्या स्टेशनावर आले, माझी पत्र्याची पेटी स्वतः डब्यात चढवली, खिडकीशी उभे राहिले, आणि सुरत पॅसेंजर हलायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागले. माय गज धरून उभी होती. तिने डोळे पुसले, मीही पुसले, शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईनेही उगाच पुसले. आबांचं मात्र फक्त पांढरं धोतर दिसत होतं, तेही फाटकापर्यंत. जाण्याआधी एवढंच म्हणाले होते, "पाच वरीस कर. मंग घर ये. मागली खोली तुनी शे."

पाच वर्षं काम, मग परत, मागची खोली माझी. मी "हो आबा" म्हणालो. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि विसाव्या वर्षी माणूस कशालाही हो म्हणतो.

असं अर्ध्यातून उठून जाणं आमच्या घराला काही नवीन नव्हतं. आम्ही सगळे सिनेमे तसेच पाहिले. वर्षातून तीन-चारदा, शेतातली कामं उरकली की आबा मला, थोरल्या भाऊला आणि मायला धुळ्याला सिनेमाला न्यायचे. नवा सिनेमा कधीच नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे, गावोगाव फिरून पडद्यावर पाऊस पाडणारे जुने सिनेमे धुळ्यात पुन्हा लागायचे, तेच आमच्या नशिबात. त्यातही आबांची चाळणी बारीक. सिनेमा "पोरेस्ना" असला पाहिजे, म्हणजे पोरांचा, पोरांना घेऊन बसता येईल असा. पोरेस्ना आहे की नाही ते ठरवायचा थेटरचा डोअरकीपर. आबा बाजाराला धुळ्याला गेले की त्याला विचारून यायचे, निदान आम्हाला तसं सांगायचे. तो डोअरकीपर आम्हा भावांना मामलेदारापेक्षा मोठा माणूस वाटायचा.

सिनेमांची नावं आबांना आठवत नसत, म्हणून आमच्या घरात त्यांना आमचीच नावं होती. शेळीवाला, तीन बहिणींवाला, सर्कशीतल्या अस्वलाचा. आणि सगळ्यांत आवडता नावेवाला. नदीकाठचा एक नावाडी, त्याचा मुलगा आणि एक लंगडं कुत्रं. मुलगा मोठा होतो आणि शिकायला शहरात जातो. कुत्रं रोज धक्क्यावर येऊन बसतं. एवढंच, पण भाऊ आणि मी त्या कुत्र्यासाठी इतके रडायचो की माय पदर पुढे करायची आणि मग स्वतःच त्यात नाक शिंकरायची.

तीनचा खेळ असायचा. मध्यंतरात फडक्यातली कळण्याची भाकर आणि ठेचा निघायचा. पुढच्या रांगेतले लोक वासानेच मागे वळून बघायचे. आणि सिनेमा अगदी रंगात आला, आता काहीतरी होणार, की आबांचा हात खांद्यावर पडायचा. "चला, उठा. गाडी जाई." पावणेसहाची एसटी ही शेवटची एसटी, ती चुकली की धुळ्यातच मुक्काम. मग काय, लोकांच्या गुडघ्यांवर आपटत, "अहो, बसा ना खाली!" ऐकत आम्ही बाहेर. मी उलटा चालायचो, पडदा नजरेआड होईपर्यंत. दोनदा तर दारावर डोकं आपटलं.

शेवट एसटीत व्हायचा. वरच्या दांडीला एक हात, दुसरा हात मोकळा, आणि आबा सुरू. हिंदीतला सिनेमा आबांच्या तोंडून आमच्या अहिराणीत यायचा आणि काय सांगू, पडद्यापेक्षा भारी वाटायचा. कंडक्टर तिकिटं फाडायचं विसरायचा. सोनगीर येईपर्यंत हरवलेली बहीण सापडायची, अस्वल सर्कशीतून सुटायचं, दुष्ट मामा पाया पडायचा. नावेवाल्यात तो मुलगा शिकून परत यायचा, कुत्रं तीन पायांवर धावत सुटायचं आणि बापाच्या हातातलं वल्हं मुलगा स्वतःच्या हातात घ्यायचा. प्रत्येक सिनेमा आबा एकाच वाक्यावर संपवायचे, "मंग बठ्ठा घर उनात." सगळे घरी आले. एसटीतले लोक "बरं झालं बुवा" म्हणायचे आणि पुढे बघायला लागायचे.

शाळेत यावरून मी मार खाल्ला आहे. शिंदखेड्याच्या एका पोराने जत्रेतल्या तंबूत नावेवाला पाहिला होता. तो म्हणाला, मुलगा परत येतच नाही. मी म्हणालो, तू खोटारडा. मग मारामारी. घरी येऊन आबांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "तंबूवालास्ना काय भरोसा?" त्यावर भाऊने आणि मी एक सिद्धांतच काढला: चांगली रिळं धुळ्याच्या थेटरला येतात, आणि तंबूवाल्यांना उरलीसुरली मिळतात, त्यात शेवटचं रीळ बदललेलं असतं. हे ज्ञान आम्ही वर्गात वाटलं आणि बऱ्याच जणांना पटलंही. आमचं गाव तसं सरळच.

सुरतेला आलो तेव्हा उधन्याच्या बाजूला एका चाळीत खोली घेतली. साड्यांच्या मिलमध्ये आधी फोल्डिंग खात्यात, मग त्याच खात्यात मुकादम. चाळीत निम्मे लोक नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरचे, त्यामुळे परकं वाटायला फारसा वावच नव्हता. लग्न झालं, मंगला आली. दीपक झाला, मग सोनल. पोरं शाळेत गुजराती, गल्लीत हिंदी, आईशी मराठी बोलायची. अहिराणी समजायची, पण उत्तर दुसऱ्याच भाषेत यायचं. मीही गुजरात्यांसारखं "चालशे, चालशे" म्हणायला लागलो, हे मला भाऊने दिवाळीत हसून दाखवलं तेव्हा कळलं.

पाच वर्षं संपली. दर दिवाळीला आबा विचारायचे, "कधी?" मी म्हणायचो, "पुढल्या साली." मागली खोली माझ्यासाठी कुलूप लावून ठेवलेली. दर वर्षी आबा ती उघडून चुना मारायचे आणि परत कुलूप लावायचे. भाऊचं पाच माणसांचं बिऱ्हाड पुढच्या दोन खोल्यांत कोंबलेलं, त्याचा थोरला पोरगा गोठ्याच्या भिंतीशी बसून अभ्यास करायचा, आणि माझी खोली रिकामी. भाऊ कधी एका शब्दाने बोलला नाही. वहिनी बोलली असती, पण आबांपुढे कोण बोलणार? इकडे मला पक्कं माहीत होतं की आपण काही परत जात नाही. मंगलालाही माहीत होतं. नुसतं "नाही" म्हणायचं होतं, पण माझ्या तोंडून ते निघेना. तुमच्यातले जे असे बाहेर पडले असतील त्यांना सांगायला नको. एक शब्द वर्षानुवर्षं घशात अडकतो आणि माणूस त्याच्यावरूनच जेवत राहतो.

मधल्या काळात रविवारी चाळीत व्हीसीआर भाड्याने यायला लागला. पोरांसाठी कॅसेट निवडायचं काम माझं. मी जुनेच सिनेमे आणायचो, पोरेस्ना. नावेवाला एके दिवशी कॅसेटवाल्याकडे दिसला तेव्हा मी आनंदाने ओरडलोच. सोनल पाळण्यात होती, दीपक झोपलेला. मंगला आणि मी तो पूर्ण पाहिला. तंबूवाला पोरगा खरं बोलत होता. मुलगा येत नाही. एक चिठ्ठी येते, बाप ती कोणाकडून तरी वाचून घेतो, घडी करून मुंडाशात खोचतो आणि नावेची दोरी सोडतो. संपला. मी कॅसेट मागे फिरवून शेवट पुन्हा लावला. मंगला म्हणाली, "अहो, सिनेमा आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण तिला काय सांगणार?

पुढे पोरं मोठी झाल्यावर नावेवाला बघायला बसली, की चिठ्ठी यायच्या आधी मी उठून मशीन बंद करायचो. "हेड गरम झालं. आता आराम द्यायला लागेल." आणि उरलेलं मी सांगायचो, आबांसारखं हातवारे करून. मुलगा आला, कुत्रं धावलं, सगळे घरी. पोरं टाळ्या वाजवायची. तोंडाने सांगितलं की मलाही थोडा वेळ खरं वाटायचं.

अकराव्या वर्षी, कापूस घरात आल्यावर, आबा पहिल्यांदा सुरतेला आले. कशाला आले ते बोलले नाहीत, पण मला कळलं. "कधी" हा प्रश्न ते या वेळी माझ्या दारात येऊन विचारणार होते. दोन दिवस मी मिलमध्ये जादा थांबलो. आपल्या बापाला चुकवायला माणूस मशीनखाली लपतो, लाज वाटायला पाहिजे. रविवारी मात्र सुटका नव्हती. दुपारी पोरांनीच कॅसेट लावली, आबांना दाखवायला. नावेवाला.

आबा भिंतीला टेकून बसले, सोनल त्यांच्या मांडीवर. कुत्रं आलं तेव्हा ते हसले. मुलगा शहरात गेला. चिठ्ठी यायची वेळ झाली तसा मी उठलो. "हेड गरम झालं."

दीपकने मशीनवर हात ठेवला. "पप्पा, गरम नथी."

"राहू दे," आबा म्हणाले. "आज पुरा दखूत."

मी बसलो. चिठ्ठी आली. बापाने घडी केली. दोरी सुटली. पडद्यावर अक्षरं आली आणि दीपक माझ्यावर ओरडला, "आ तो खोटुं! मुलगा आलाच नाही! तुम्ही खोटं सांगत होते!" सोनल भोकाड पसरून आबांना विचारत होती, मुलगा कुठे गेला? माझ्या कानशिलांना आग लागली. वाटलं, म्हातारा आता काय म्हणेल?

आबा तिला थोपटत म्हणाले, "तुना बाप खोटा नही, बेटा. खोटा मी शे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी आधीच दखेल व्हता. एकलाच. बठ्ठा पिच्चर मी आधी एकलाच दखू, मंग तुमले लई जाऊ. साडेसातनी गाडी बी व्हती."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. डोअरकीपर वगैरे कोणी नव्हता. शेवटची एसटीसुद्धा शेवटची नव्हती. बाजाराच्या दिवशी आबा एकटे सिनेमाला बसायचे, पोरांनी कुठे उठायचं ते घड्याळात बघून ठेवायचे.

"काबरं, आबा?" माझ्या तोंडून अहिराणीच निघाली.

"पिच्चर तितलाच पोरेस्ना व्हता," ते म्हणाले. "आते तू काय पोऱ्या शे का?"

मंगला ओट्याशी चहा गाळत होती, तिचा हात थांबला. मी आबांच्या समोर जमिनीवर बसलो आणि सांगून टाकलं. "आबा, आम्ही परत येणार नाही. पाच वर्षांनीही नाही, नंतरही नाही. पोरांची शाळा इथे, माझं काम इथे. मी तुम्हाला दर दिवाळीला फसवत होतो."

बोलताना मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. आबांनी सोनलचं नाक धोतराच्या सोग्याने पुसलं आणि टीव्हीकडे बोट केलं. मग म्हणाले, "पोऱ्या नही उना तरी तो म्हातारा पुढे जगस. जेवस, नाव हाकस, हासस बी. ते काही पिच्चरमा दखाडतस नही." मग मंगलाला म्हणाले, "चहा लई ये, माय. थंडा व्हई जाई."

आठ दिवस राहिले. दीपकबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत जायचे, चाळीतल्या अमळनेरवाल्याशी कापसाच्या भावावरून भांडायचे. "कधी" हा शब्द पुन्हा निघाला नाही.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी भाऊचं पत्र आलं. "आबांनी परवा मागल्या खोलीचं कुलूप काढून विहिरीत टाकलं. थोरल्याचं अभ्यासाचं टेबल तिथे ठेवलंय. तुझी खाट बाहेर काढली. आता आलास की पाव्हना म्हणून ओसरीवर झोप."

पाव्हना! मला असा राग आला की विचारू नका. माझी खोली, मला न विचारता! मंगला म्हणाली, "अकरा वर्षांत किती दिवस राहिलात हो त्या खोलीत?" मी बोटांवर मोजायला गेलो आणि सोडून दिलं. राग दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला. मग नुसतंच मोकळं मोकळं वाटायला लागलं, आणि त्या मोकळेपणाचं इतकं दुःख झालं की मिलमध्ये दोन तागे उलटे घडी केले.

रविवारी पोस्टकार्ड लिहायला बसलो. थोरल्याला म्हणावं, टेबल खिडकीशी लाव, तिकडे उजेड चांगला येतो. मायच्या गुडघ्याला तेल पाठवतो. दिवाळीला आम्ही चौघं येतो, चार दिवस राहू, भाऊबीज झाली की घरी जाऊ.

घरी. लिहून झाल्यावर दिसलं. हे कार्ड भाऊ ओसरीवर मोठ्याने वाचणार, आबा खांबाला टेकून ऐकणार. पेन त्या शब्दावर नेलं, "सुरतेला" करावं म्हणून. मग तो शब्द तसाच राहू दिला आणि पत्ता लिहिला.