कवाडाची सातवी खोड

पुनावळ्यात सुभद्राबाईंना पहिल्यांदा वाहनावर पाहणारा माणूस आधी रस्ता सोडतो, मग डोळे चोळतो. सत्तरीची बाई, अंगावर नऊवारी, कपाळाला गोंदण, मागं घासाचे दोन भारे आणि बुडाखाली चार जाड चाकांची, कुठल्याशा परदेशी कारखान्यात जन्मलेली क्वाड बाईक. नव्या सोसायट्यांतल्या पोरी मोबाइल काढून विचारतात, "आजी, साडीत जमतं कसं?" बाईंचं उत्तर ठरलेलं असतं. "मग कासोटा काय शोभेला मारलाय व्हय?"

क्वाड हा शब्द काही त्यांच्या जिभेवर बसला नाही. त्या म्हणायच्या कवाड. सगळं गाव तेच म्हणायला लागलं. सुभद्राबाईचं कवाड आलं, सुभद्राबाईचं कवाड बंद पडलं. त्यांचा एकुलता एक लेक शेखर तेवढा म्हणायचा, "आई, कवाड नाही, कबाड म्हण."

शेखरला बोलायचा काही हक्क नव्हता. वाहन घरात आणलं त्यानंच. बारा वर्षांपूर्वी निम्मी जमीन बिल्डरकडे गेली तेव्हा साहेबांच्या अंगात ॲग्रो टुरिझम शिरलं होतं. आयटीतल्या लोकांना नदीकडच्या मळ्यात फिरवायचं, चुलीवरची भाकरी खाऊ घालायची, क्वाडवरून चिखलात लोळवायचं. लोक आले, लोळले, भाकरी करपली म्हणून कुरकुरले आणि दुसऱ्या वर्षी फिरकले नाहीत. शेखर मुकाट्यानं चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी खात्यात जाऊन बसला. तिथं दिवसभर दुसऱ्यांनी केलेला माल तपासायचा आणि रिजेक्टचा शिक्का मारायचा. घरी आला तरी हात शिवशिवायचा. क्वाड गोठ्यात पडली आणि कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालू लागल्या.

मग बाईंचे गुडघे गेले. घरापासून नदीकडचा मळा दीड किलोमीटर, मध्ये हायवेखालचा बोगदा. डोक्यावर भारा घेऊन जाणं होईना. एका सकाळी त्यांनी कोंबड्या हुसकल्या, सीट पुसली, भोसरीहून धम्मरत्न मेकॅनिकला बोलावून वाहन सुरू करून घेतलं आणि तासाभरात शिकल्या. "बैलगाडी हाकलीय मी. ह्याला निदान शेपूट तरी न्हाई," असं म्हणून त्या मळ्याकडे निघून गेल्या. तेव्हापासून दोन म्हशी, त्यांचा घास आणि चार सोसायट्यांचं दूध, सगळं त्या चार चाकांवर चालत होतं.

चालत होतं म्हणजे, चाललं तर चालत होतं. आठवड्यातून दोनदा कवाड रुसायचं. गेल्या दिवाळीत त्याचा सेल्फ मेला, बटण दाबून सुरू होईना. धम्मरत्ननं इंजिनाच्या बाजूला एक पुली बसवली आणि तिला गुंडाळायला म्हशीचं जुनं सुती दावं दिलं. दावं गुंडाळायचं, डाव्या अंगाला टाचेनं एक टोला द्यायचा आणि मग ओढायचं. धम्मरत्न लातूरकडचा, बोलायला मोकळा. तो म्हणाला, "आजी, हे तात्पुरतं करायलोय बरं का. खरं तर इंजिन उघडावं लागतंय. पंधरा दिवस द्या मला, पुढं पाच वर्षं बघायची गरज न्हाई." बाईंना पंधरा दिवस कुठले? म्हशी काय रजेवर जाणार होत्या?

शेखरचं मत वेगळं. या खटाऱ्यात पैसा घालण्यापेक्षा नवं घ्यावं. एका रविवारी त्यानं तीन चाकांची इलेक्ट्रिक गाडी बघायला म्हणून दारात आणली. गाडी बोलायची. बाई बसल्या तशी गाडीतली बाई म्हणाली, कृपया हेल्मेट घाला. सुभद्राबाईंनी पदर पुढं ओढला. गाडीनं पुन्हा तेच सांगितलं. थोरल्या म्हशीनं मान लांब करून तिचा स्क्रीन चाटला. मळ्याच्या चिखलात ती गाडी बुडापर्यंत रुतली आणि रुतल्या जागेवरून तिसऱ्यांदा हेल्मेटचं बोलली. चौघांनी ओढून काढली.

"मग एकच उपाय राहिला," शेखर म्हणाला. "म्हशी विकू. तू वर राहायला ये."

वर म्हणजे अकराव्या मजल्यावर. ज्या वावरात बाईंनी ज्वारी काढली, त्याच वावरात आता टॉवर उभा होता आणि त्यात शेखरला फ्लॅट मिळाला होता. सूनबाई पूनम चांगली, नातवंडं गोड, संडास पांढराशुभ्र. वाईट काही नव्हतं. पण वास्तुशांतीच्या दिवशी लिफ्टमध्ये उभ्या राहून बाई मोठ्यानं म्हणाल्या होत्या, "ह्या डब्यात तिरडी आडवी मावायची न्हाई. उभीच न्यावी लागंल." भटजींनी लिफ्टमध्येच पुन्हा मंत्र सुरू केले होते. टॉवरच्या मागं गोठ्याला लागून दोन खोल्या उरल्या होत्या, बाई तिथंच राहिल्या.

शेवटी मायलेकांत करार झाला. कवाड आणखी एकदा रस्त्यात बंद पडलं की ते विकायचं. ते गेलं की घास बंद, घास बंद की म्हशी बंद, आणि म्हशी गेल्या की आई अकराव्या मजल्यावर. बाईंनी मान डोलावली, कारण त्यांना वाटलं, बघू पुढचं पुढं.

पुढचं चार दिवसांत आलं. सोमवारी सकाळी नऊ वाजता, हायवेखालच्या बोगद्यात, अगदी मधोमध, कवाडानं मान टाकली. पुढं कंपनीची बस, मागं कंपनीची बस, दोन्हीकडं हिंजवडीला निघालेली हजारभर माणसं, आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम. बाईंनी पाचदा दावं ओढलं. मग गुडघा म्हणाला बस, आणि त्या भाऱ्यावर बसल्या. एक पोलीस धावत आला.

"आजी, गाडीला नंबर कुठाय?"

"म्हशीच्या कानात बिल्ला हाय. त्यो लिवून घ्या."

हे कुणीतरी मोबाइलवर टिपलं. साडेदहाला शेखरच्या मीटिंगमध्ये, ब्रेक लागत का नाहीत यावर चर्चा चालू असताना, त्याच्या साहेबानं फोन पुढं सरकवला आणि विचारलं, "या तुमच्या मातोश्री ना?" शेखरनं संध्याकाळी घरी आल्यावर एवढंच म्हटलं, "आई, करार."

गिऱ्हाईक दोन दिवसांत मिळालं. चाकणच्या पुढं दादासाहेब नावाच्या गृहस्थाचं रिसॉर्ट होतं, त्याला पाहुण्यांच्या पोरांसाठी क्वाड हवी होती. दादासाहेब निघाला बाईंच्या माहेरचा, लहानपणी त्यांच्या वडिलांच्या मांडीवर खेळलेला. तो त्यांना आत्या म्हणायचा. आता या वडिलांविषयी, म्हणजे आबांविषयी, सांगायलाच हवं. चाकणच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं दलाली केली. त्यांचा नियम होता, जनावराची खोड आधी सांगायची, किंमत नंतर. बैल मारका असेल तर मारका, म्हैस लाथाडी असेल तर लाथाडी. एखादी खोड सांगायची विसरली तर बाजार माफ करायचा आणि सौदा टिकायचा. पण लपवली असं ठरलं, तर जनावर परत आणि दलालाचं तोंड काळं. त्यांचं तोंड चाळीस वर्षांत काळं झालं नाही. बाईंच्या माहेरचा जमीनजुमला कधीच गेला होता, उरलं होतं ते एवढंच.

शनिवारी, शेखर कामावर असताना, दादासाहेब टेंपो घेऊन आला तेव्हा कवाड गोठ्यासमोर आधीच सुरू होऊन धडधडत उभं होतं. त्यानं दोन चकरा मारल्या, खूश झाला. बाई म्हणाल्या, "थांब. आधी खोडी ऐक."

बोटांवर मोजत त्यांनी सांगितल्या. सकाळी खोकल्याबिगर उठत नाही. डावीकडं ओढतं. रिव्हर्स टाकला की हॉर्न वाजतो. उतारावर ब्रेक दोनदा मागावा लागतो. भिजलं की दोन दिवस बोलत नाही. आणि पोलीस दिसला की बंद पडतं.

"सहा झाल्या," दादासाहेब हसला. "आणि?"

"आणि काय. म्हातारं हाय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी इंजिन बंद केलं. मग हळदकुंकू आणलं, हँडलला लावलं, चाकावर पाणी ओतलं. शेवटी पुलीला गुंडाळलेलं दावं सोडून घेतलं आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. यात कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, गोठ्याची बरकत जाते. चाकणच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. उलट दादासाहेबाला गहिवरून आलं, की आत्यानं यंत्रालाही जनावराचा मान दिला. चौघांनी फळीवरून ढकलत वाहन टेंपोत चढवलं.

त्या रात्री बाईंना झोप आली नाही असं त्या सांगतात. ते खोटं आहे, त्या छान घोरत होत्या.

रविवारी सकाळी टेंपो परत आला. मागं कवाड, पुढं दादासाहेब, त्याच्या तोंडाचा रंग विटेचा. रिसॉर्टवर पाहुण्यांची पंधरा पोरं रांग लावून उभी होती आणि बटण दाबून दाबून त्याचा अंगठा सुजला होता. शेखर वरून खाली धावत आला, कारण फोन आधी त्यालाच गेला होता. त्यानं धम्मरत्नलाही बोलावून घेतलं.

धम्मरत्ननं वाकून पुलीकडं पाहिलं आणि विचारलं, "दोरी कुठाय?"

"कसली दोरी?" दादासाहेब म्हणाला.

"सेल्फ मेलाय की ओ ह्याचा दिवाळीपासून. दाव्यानं ओढून सुरू करावं लागतंय."

सगळ्यांच्या माना खुंटीकडं वळल्या. दादासाहेब पायरीवर टेकला. रागावला होता, पण माणूस मायाळू. म्हणाला, "आत्या, आबांच्या लेकीकडनं असं व्हायचं न्हाई. वय झालं, विसरलात तुमी. व्हय ना? विसरलात म्हणा. मी दुसरी दोरी लावतो आन् सौदा तसाच ठिवतो."

शेखरही घाईनं म्हणाला, "हो हो, ती विसरलीच. हल्ली विसरते."

आता बघा कसं होतं. विसरले म्हटलं असतं तर वडिलांचं नाव राहत होतं आणि वाहन जात होतं. लपवली म्हटलं तर वाहन परत, नाव गेलं. बाई म्हशीजवळ उभ्या होत्या, हात तिच्या पाठीवर. त्यांना वडील आठवले, बाजारात फेटा नीट करत गिऱ्हाइकाला स्वतःहून खोड सांगणारे. स्वतःची फार लाज वाटली. तरी त्या बोलल्या.

"विसरले न्हाई. लपवली. तू यायच्या आधी मुद्दाम चालू करून ठिवलं होतं."

धम्मरत्ननं उगाच पाना पुसला. दादासाहेब उठला आणि टेंपोची फळी खाली सोडली. "खोड लपवली, जनावर परत," तो म्हणाला. "बाजाराचा नियम हाय. पण आत्या, मी बाजारात कुणाला सांगणार न्हाई."

"सांग," बाई म्हणाल्या. "तू तरी लपवू नको."

चहा न घेता तो गेला. बाईंनी त्याचा कप भरून ठेवला होता, तो तसाच राहिला. त्याकडं पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पदरानं नाही, मनगटानं पुसलं, धुरळा गेल्यासारखं.

शेखर कवाडाभोवती एक चक्कर मारून आला. दिवसभर माल परत पाठवणाऱ्या माणसाच्या दारात आज माल परत आला होता आणि काय शिक्का मारावा हे त्याला कळेना. तो आईशेजारी येऊन पायरीवर बसला. त्यानं वर, स्वतःच्या बाल्कनीकडं पाहिलं.

"आई, अकराव्या मजल्यावर एवढं वाईट आहे?"

"न्हाई रं. चांगलं हाय. वारा हाय, पूनम हाय, पोरं हायेत."

"मग?"

"त्याची खोड एकच," सुभद्राबाई म्हणाल्या. "तिथनं परत घेत न्हाईत."

शेखर उठला, खुंटीवरचं दावं काढलं आणि आईच्या हातात दिलं.

"धम्मरत्न," तो म्हणाला, "इंजिन उघड. पंधरा दिवस घास मी आणतो."