पाचवीचा कागद

"आधी हात धुवा, मग रडा."

नवजात बाळांच्या वॉर्डाच्या काचेच्या दारात आडवा हात धरून मावशी प्रत्येक आईला हेच सांगायच्या. धाराशिवच्या त्या दवाखान्यात दारावर त्यांची ड्यूटी असे. तुम्ही कधी अशा दाराबाहेर बसला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथं डॉक्टरांपेक्षा दारावरच्या माणसाचाच जास्त राग येतो. मलाही यायचा.

माझी मुलगी तीन दिवसांची असताना हळदीसारखी पिवळी पडली. डॉक्टरांनी डोळ्यांवर पट्टी बांधून तिला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. दर दोन तासांनी पाजायला आत जायचं, पाजून झालं की बाहेर. मधला सगळा वेळ बाकड्यावर. टाके दुखायचे, ना धड बसता यायचं, ना घरी जाता यायचं.

"मावशी, पाच मिनिटं मांडीवर घेऊ द्या ना."

"उजेड तिचं औषध हाय. लेकराचं औषध हिसकून घेतीस व्हय?"

एवढं बोलून त्या मला बसायला चादरीची मऊ घडी करून द्यायच्या. राग धरावा तर तोही धड धरू देत नसत.

पाचव्या दिवशी दुपारी येरमाळ्याहून सासूबाई आल्या, त्या बाळाला न्यायलाच.

"आज पाचवी. लेकरू घरी न्हाय तर सटवाई नशीब कुठं लिहील? भिताडावर?"

कावीळ थोडी उतरली होती, पण डॉक्टर अजून दोन दिवस म्हणत होते. नवरा स्वतःच्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही करायला तयार झाला. खरं सांगते, मीही झाले होते. त्या बाकड्यावरून सुटायला मी काहीही कबूल केलं असतं.

मावशी दारातून हलल्या नाहीत.

"सही केल्यावर डॉक्टर सोडतील तुमाला. पर आधी माझं ऐका. म्या माझ्या ल्योकाला असंच पाचवीला घरी न्हेलं. लई पिवळा व्हता. पूजा झाली, जेवणं झाली, अन् कावीळ कानांवर गेली. आता बावीस वर्साचा हाय. मागनं कितीबी हाका मारा, वळत न्हाय."

मग मावशींनी वहीचं एक कोरं पान फाडलं आणि आपल्या पेनासकट सासूबाईंच्या हातात दिलं.

"बाकड्यावर ठिवा, हळदीकुंकू वाहा. सटवाईला दवाखाना ठावं हाय. हितंबी लेकरं जन्मत्यात."

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि कुंकवाची डबी शोधायला लागल्या.

दोन दिवसांनी मुलीला बरं करूनच आम्ही घरी नेलं.

दीड वर्षानं तिला घेऊन पेढे द्यायला गेले, तर दारात दुसऱ्याच बाई. मावशी निवृत्त होऊन गावी गेल्या, म्हणाल्या. गाव कोणतं, त्यांना माहीत नव्हतं. नाव काय, ते मला सांगता येईना. मी कधी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात मुलगी पळत पार जिन्यापर्यंत गेली. मी मागून हाक मारली. ती पहिल्याच हाकेला वळली. मावशींनी हे पाहायला हवं होतं असं वाटलं, आणि त्या तिथं नव्हत्या तेच बरं, असंही.