काळ्या विंडोत उमटलेला शब्द

भूतखेत, करणी, आत्मा असले विषय निघाले की मी उठून चहा टाकायला जाते. माझ्या कामात 'आपोआप' असं काही नसतं. प्रोग्रॅम चालला नाही तर त्याला कारण असतं, आणि चालला तरी कारण असतं. यातल्या दुसऱ्या वाक्याबद्दल आता माझी खात्री उरलेली नाही, म्हणून इथे लिहितेय. कोणाला तांत्रिक खुलासा सुचला तर खरंच सांगा.

लालबागला, आमच्या जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये आई, बाबा आणि मी राहतो. बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागांवर. गेल्या वर्षी घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. लिहायला पाटी आणून दिली, तर काहीही विचारा, लिहिणार एकच – 'ठीक'. जेवण? ठीक. दुखतंय? ठीक. आणि तपासणीची तारीख आली की भिंतीकडे तोंड करून झोपून राहायचे. अशा दोन तारखा गेल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता उशीर करू नका. बाबा का येत नाहीत, हे मात्र आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

साचेखात्यात एवढा धडधडाट असायचा की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथली माणसं हातांच्या खुणांनी बोलायची. साहेबाची टिंगल साहेबासमोरच, आणि साहेबाला पत्ता नाही. बाबांच्या बाजूच्या साच्यावरचे दाजीकाका शिवडीहून भेटायला आले की दोघं हात हलवत बसायचे आणि बाबा चक्क हसायचे. लिहिणं म्हणजे ऑफिसचं काम, बोलायचं ते हातांनी, असंच त्यांच्या डोक्यात असावं. मी काकांना म्हटलं, तपासणीचं विचारून बघा ना. काका म्हणाले, "विचारलंय गो. तो विषय काढला की तो हात खिशात घालता."

तेव्हा मला कल्पना सुचली. हाताची खूण कॅमेऱ्यातून ओळखणारा एक प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्याचा सोर्स कोड घेऊन मी माझ्या जुन्या लिनक्स लॅपटॉपवर घरीच बिल्ड केला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार केला. बाबांनी खुणा करून दाखवल्या, मी त्यांचे शब्द भरले – पाणी, चहा, पंखा, दुखतंय, नको, असे रोजच्या गरजेचे. बाबांनी खूण केली की स्क्रीनवर शब्द यायचा. मराठी अक्षरं मात्र फुटायची, वेलांटी एकीकडे आणि अक्षर भलतीकडे. तरी आई खूश होती.

मग लॅपटॉपने अपडेट घेतला आणि सगळं बंद पडलं. प्रोग्रॅम ज्याच्या भरवशावर चालतो असा दुसऱ्यांचा कोड असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. आमच्या प्रोग्रॅमला जुनी आवृत्ती हवी होती, अपडेटने नवी आणून बसवली. एकीला बोलवावं तर ती म्हणे आधी दुसरीला बोलवा... लग्नघरातले रुसवेफुगवे परवडले. शेवटी वैतागून मी जुना प्रोग्रॅम पुसून टाकला आणि पहिल्यापासून बिल्ड केला.

रविवारची दुपार होती. बाबा खुर्चीत, समोर टेबलावर लॅपटॉप. बिल्ड पूर्ण झाला, विंडो उघडली – पूर्ण काळी. कॅमेऱ्याचा दिवा लागलेला, पण चित्र नाही. डिस्प्लेची भानगड असणार, असं मनात म्हणत मी सहज म्हटलं, "बाबा, जरा पाणी दाखवा."

बाबांनी अंगठा ओठांकडे नेला. काळ्या विंडोत पांढऱ्या अक्षरांत आलं – पाणी. वेलांटी जागच्या जागी, छापल्यासारखी. चहा दाखवा म्हटलं, चहा आलं. मला इतकं बरं वाटलं की मी आईला हाक मारली आणि चित्र का येत नाही ते शोधायला शेजारच्या विंडोतले एरर वाचत बसले.

आई पदराला हात पुसत आली. बाबांना म्हणाली, "अहो, बुधवारी तपासणी आहे. या वेळी तरी चला." मी मान खाली घालून एरर वाचतच होते. मग आई म्हणाली, "अशू, हे काय आलंय बघ."

काळ्या विंडोत लिहिलं होतं – भीती वाटते.

बाबा ते वाचत होते. त्यांचे डोळे भरून आले. बाबांना रडताना मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. आई त्यांच्याजवळ बसली आणि अगदी हळू म्हणाली, "मला पण वाटते हो. रोज वाटते. आपण दोघं जाऊ." बुधवारी ते गेले. एक छोटी गाठ परत दिसली. वेळेत सापडली म्हणाले. उपचार चालू आहेत, तब्येत बरी आहे.

आता माझा प्रश्न. त्या रविवारी संध्याकाळी काळ्या विंडोचं कारण शोधताना मी बिल्डचा अहवाल वर सरकवून वाचला. त्यात एक ओळ होती, जी मी घाईत बघितलीच नव्हती. खूण ओळखणारी लायब्ररी सापडली नाही, तिच्याशिवाय बिल्ड करत आहे. म्हणजे मी बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये खूण ओळखायची सोयच नव्हती. मराठी अक्षरं नीट जुळवणारी लायब्ररीही त्याला सापडली नव्हती. मग पाणी कसं आलं? चहा कसा आला?

जुना प्रोग्रॅम कुठेतरी राहिला असेल, तोच चालला असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं. अख्खी डिस्क धुंडाळली, नव्हता. मग तोच नवा प्रोग्रॅम पुन्हा चालवला, बाबांना पाणी, चहा, पंखा सगळं करायला लावलं. काळी विंडो, एक अक्षर नाही. आणि 'भीती' हा शब्द मी भरलेल्या शब्दांत नव्हता, डिस्कवर दुसरीकडे कुठेही नव्हता. कोणी टाइप करावा म्हटलं तर कीबोर्ड माझ्यासमोर होता, आणि टाइप करायला त्या विंडोत जागाच नाही.

पुढे सगळ्या लायब्रऱ्या मिळवून मी प्रोग्रॅम नीट केला. आता चित्र दिसतं, शब्द येतात, अधूनमधून चहाचा पंखा होतो. भीतीचा शब्दही भरून ठेवावा म्हणून मी दाजीकाकांना फोन करून खूण विचारली. काका म्हणाले, "भीतीची खूण नव्हती गो आमच्यात. ती कोण कोणाक दाखवतलो?"

म्हणजे बाबांनी स्वतःची काहीतरी खूण केली असणार, एवढाच अर्थ उरत होता. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बाबा, त्या रविवारी आई तपासणीचं बोलली तेव्हा तुम्ही जी खूण केलीत, ती परत करून दाखवा."

बाबा गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाटी ओढली आणि सावकाश लिहिलं – 'माझे हात खिशात होते. मला वाटलं, तूच लिहिलंस. तुला कोणी सांगितलं?'

पाटी पुढे धरून ते उत्तराची वाट बघत होते. मी म्हटलं, माहीत नाही. ते आजही अधूनमधून विचारतात, आणि मी आजही तेवढंच सांगते.