पायपुसणं

धाकट्या बहिणीला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी तिला उठायची मनाई केली आणि ती सहाव्या महिन्यातच माहेरी आली. माहेरी म्हणजे सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या तीन खोल्यांत, आई आणि मी राहतो तिथे. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे आता दमले आहेत.

बाहेरच्या खोलीत तिची कॉट टाकली. पायाकडच्या बाजूला खाली विटा लावल्या, म्हणजे पाय उंच राहतील. ती दिवसभर तशी कलती पडून असायची आणि गल्लीतून येणारे-जाणारे दारातूनच तिच्याशी बोलायचे. मागच्या बोळात कुणाचे तरी दोन माग चालायचे, त्यांचा खडखडाट सकाळी सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत.

पहिल्या वेळी आईने हौसेने झबली, टोपडी, कुंची सगळं शिवून ठेवलं होतं. सातव्या महिन्यात ते मूल गेलं. आईने एका दुपारी सगळ्याचं गाठोडं बांधलं आणि कुणाला तरी देऊन आली, कुणाला ते आम्ही विचारलं नाही. दुसऱ्या वेळी घरात काहीच आणलं नव्हतं, तरी पाचव्या महिन्यात व्हायचं ते झालंच. हा मुद्दा मी आईपुढे कधी मांडला नाही. या वेळी तिचा नियम एकच होता.

"बाळाचं म्हणून एक सूत घरात यायचं न्हाय. आल्यावर बघू."

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि ऑफिसचं काम अर्ध्या दिवसावर आलं. दुपारी मी घरी येऊन बहिणीच्या समोर खुर्ची टाकून बसायची. ती झोपली की तिचा श्वास बघायची, जागी असली की तोंड बघायची. चार दिवस तिने सोसलं.

"ताई, तू अशी बघत बसू नको बरं. कोठडीतल्या कैद्यासारखं वाटतंय मला. हाताला कायतरी काम घे की."

"काय घेऊ? मला भरतकाम येत नाही, विणकाम येत नाही."

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. कुठल्या तरी थंड देशातली बाई बोटाएवढ्या जाड लोकरीची चादर क्रोशाने विणत होती. नवशिक्यांनाही जमेल असं हसून सांगत होती. तिच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता. आमच्या दारातून झळा येत होत्या.

"हे कर," बहीण म्हणाली. "बाळाला."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"कुणाला?"

बहीण कॉटवर पडल्या पडल्या आढ्याकडे बघत म्हणाली, "कुणाला न्हाय. पायपुसणं करणाराय ताई. दाराला."

आईने हातांवरचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "पायपुसणं असंल तर करू दे की," आणि आत गेली.

ज्यांच्या घरी मुलं जगत नसत ते पुढच्या मुलाचं नाव केरू ठेवत, धोंडू ठेवत. दृष्ट लावायला बसलेल्यालाही वाटावं, या केराकडे काय बघायचं. वळसंग गावात आईच्या एका मामाचं नाव दगडू होतं आणि तो चांगला म्हातारा होऊन गेला, हे आई पुरावा म्हणून सांगते. मला या गोष्टींचा राग येतो. दृष्ट नावाचं कुणी असलंच आणि ते इतकं मूर्ख असलं, तर त्याला घाबरायचं कशाला, असं मी कॉलेजात असताना तिला विचारलंही होतं. या वेळी विचारलं नाही. लोकर आणायला गेले.

पेठेतल्या शिलाई सामानाच्या दुकानात चाचा गल्ल्यावर पेपरने वारा घेत बसले होते.

"अब्बी ऊन? इत्ते गर्मी में?" त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "बाजी, लोकर तर थंडीत लोकं नेतात. माळ्यावर असेल कायतरी."

माळ्यावर तीन रंग निघाले. एक हळदीसारखा पिवळा, एक गुलाबी आणि एक मातकट, ओल्या विटेच्या जवळचा. पिवळा छान होता. मी हात घातला तो मातकटावर. पायपुसणं म्हणायचं तर रंगही तसाच हवा, असं मला तेव्हा अगदी सरळ वाटलं. बाहेर पडल्यावर लक्षात आलं की मी दृष्टीला फसवायच्या कामात आईच्याही पुढे गेले होते.

सोलापुरात राहून घरी चादर विणायला बसणं म्हणजे नळाखाली उभं राहून पाऊस मागण्यासारखं आहे. त्यातून मला काही येत नव्हतं. मोबाइलमधली बाई फार भरभर करायची. शेवटी समोरच्या अक्कांना बोलावलं. अक्का तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या, नवरा हयातभर टॉवेलच्या मागावर होता. तोरणं, रुमाल, टीव्हीवरची झाकणं, सगळं त्यांनी क्रोशाने केलेलं. त्यांनी लोकरीचा गुंडा हातात घेऊन दाबून पाहिला.

"काय करायलीस हे?"

"पायपुसणं."

अक्कांनी बहिणीकडे बघितलं, कॉटखालच्या विटांकडे बघितलं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या घरात आपण आलोय हे त्यांना कळलं असणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मग मऊ पायजे. पायाला टोचलं तर काय उपयोग?"

त्यांनी मला आधी साखळी शिकवली आणि मग खांब. सुईवर धागा घ्यायचा, खालच्या साखळीत सुई घालायची, धागा ओढून आणायचा आणि दोन-दोन टाके सोडवायचे, की एक खांब उभा राहतो. मी पहिली साखळी इतकी आवळली की परत सुई आत जाईना. दुसरी इतकी सैल झाली की त्यातून माझा अंगठा जाई. घामाने सुई हातातून निसटायची, लोकरीचे तंतू मानेला चिकटायचे. आई जाता-येता म्हणायची, "पायपुसण्याला एवढं कष्ट?" आणि माझ्या शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून जायची.

आठवड्याभरात गल्लीला माहीत झालं. येणारी बाई दारात थांबून विचारायची, "पायपुसणं कुठवर आलं?" तेव्हा तिची नजर कॉटकडे असायची. मी म्हणायची, "चाललंय हळूहळू." ती म्हणायची, "हळूच चालू दे. घाई करू नगंस." बहिणीच्या तब्येतीची चौकशी कुणी केलीच नाही आणि सगळ्यांना सगळं समजत होतं. मी ऑफिसातली कोरडी बाई, मला ही भाषा आवडायला लागली होती.

एक दिवस अक्कांनी ते फरशीवर पसरलं आणि त्या हसायला लागल्या. खाली रुंद आणि वर निमुळतं होत चाललं होतं. ओळ वळवताना मी दर वेळी कडेचा एक खांब खात होते. मला कळलंच नव्हतं.

"उसव," अक्का म्हणाल्या. "निम्म्यापर्यंत उसव. एक धागा ओढला की झालं."

मी सुई काढली आणि धागा ओढला. क्रोशाचं काम उसवताना बघण्यासारखं असतं. जे करायला दुपारच्या दुपार गेल्या ते सरसर निघून येतं. एक ओळ गेली, दुसरी निघाली.

"उसवू नको."

बहीण कोपरावर उठायला बघत होती. तिला उठायची मनाई होती. मी धावत जाऊन तिला खाली दाबलं.

"अगं, वाकडं झालंय. परत करते की."

"वाकडं असू दे," ती म्हणाली. तिच्या तोंडाला रंग नव्हता. "झालेलं उसवू नको, ताई. माझ्यासमोर नको."

अक्कांचं हसू गेलं. आई आतून आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. मागच्या बोळातले माग तेवढे चालू होते. मी भीती कशाला म्हणतात हे त्या दिवशी बघितलं, आणि ती मलाही होती. तोवर मी स्वतःला सांगत होते की मी फक्त काळजी करते.

अक्का फरशीवर बसल्या, त्यांनी सुटलेला टाका पकडला आणि सुईत घातला. "उसवायचं कशाला? पुढं वाढवता येतंय की. कडेला एका घरात दोन खांब घाल. रुंद होईल परत."

तसंच केलं. त्यामुळे त्या वस्तूला मधोमध कंबर आली. दोन्ही टोकं रुंद, मध्ये अरुंद. नवशिक्याचा हात कोणालाही लांबून ओळखू यावा.

ते संपायच्या आधीच एका दुपारी बहिणीच्या पोटात कळा सुरू झाल्या. अजून दिवस भरायचे होते. रिक्षा बोलावली, आईने तांब्या आणि चादर घेतली, मी पैसे आणि कागद घेतले. दवाखान्यात पोचल्यावर बघते तर पिशवीत लोकर आणि सुईही होती. ती मी कधी घातली हे मला आजही आठवत नाही.

मुलगी झाली. तिच्या रडण्याचा आवाज इतका बारीक होता की आईला आधी ऐकूच आला नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. बहीण एका वॉर्डात, मुलगी दुसऱ्या मजल्यावर, आणि आम्ही दोघी मधल्या जिन्यात, असं आमचं राहणं सुरू झालं. दिवसातून ठरावीक वेळी काचेतून बघू द्यायचे. तिच्या अंगाला नळ्या होत्या. मी तिच्याकडे बघायची ते रिपोर्ट वाचल्यासारखं, रंग कसा आहे, छाती हलते का. गोड आहे की नाही असा विचार मी मनात येऊ दिला नाही.

बाकी वेळ बाकावर बसून विणायची. शेजारी बसलेल्या एका बाईने विचारलं, "काय विणायलाय?"

"पायपुसणं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की पेशंट मीच आहे असं तिला वाटलं असावं. मी तिला समजावलं नाही. गल्लीतूनही आईला फोन यायचे, "झालं का पायपुसणं?" आई म्हणायची, "थोडं राहिलंय."

खरं तर एकच ओळ राहिली होती. एका बैठकीत होण्यासारखी होती. मी रोज तिच्यात दोन-चार खांब घालायची आणि सुई ठेवून द्यायची. कोणी विचारलं असतं तर म्हणाले असते, हात दुखतोय. एकदा आईने विचारलं नाही, पण माझ्या मांडीवरच्या त्या कामाकडे बघून म्हणाली, "असू दे. पुरवून पुरवून कर." मग डॉक्टर एका सकाळी म्हणाले की मुलगी आता अंगावर पिते, वजन धरतेय, उद्या घरी न्या. मी तिथेच बाकावर बसून उरलेली ओळ विणली, धागा कापला, आणि शेवटच्या टाक्यातून काढून गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी आई पुढे घरी गेली. आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा ती दारात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. शेजारी अक्का होत्या. बहिणीच्या हातात मुलगी होती, आईच्याच जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. मग तिला राहवलं नाही. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडावर आलं. माझ्या पिशवीकडे हात करून ती गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "आण की गं बाळाची चादर!"

मी पिशवी छातीशी ओढून धरली.

"कसली चादर?" मी म्हणाले. "पायपुसणं आहे ते."

आणि मी ते पिशवीतून काढलं, उंबऱ्यापाशी फरशीवर पसरलं, चपला काढल्या आणि त्यावर पाय पुसले. नीट पुसले, एक झाला की दुसरा. दवाखान्याची, रिक्षाची, रस्त्याची सगळी धूळ त्या मातकट लोकरीत गेली. दृष्ट-बिष्ट काही नसतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पाय मी तरीही पुसले.

आईने जीभ चावली. बहीण हसेल असं मला वाटलं होतं, पण ती हसली नाही. मुलीला छातीशी धरून ती पुढे आली, अनवाणी झाली आणि त्याच जागी उभी राहून पाय पुसून आत गेली. मग अक्का. सगळ्यात शेवटी आई आली, तिने पाय पुसले आणि वाकून ती कंबर असलेली वस्तू उचलून माझ्या हातात दिली.

"झालं आता जुनं," ती म्हणाली. "गुंडाळ तिला."

"आधी धुऊ तरी दे."

"धू की मग."

त्या दिवशी नळाला पाणी येण्याची पाळी नव्हती. तरी आईने पिंपातलं दोन बादल्या पाणी काढून दिलं आणि ते जपून वापर असंही म्हणाली नाही. मी मोरीचं दार ओढून घेतलं, साबण लावला, आणि मग रडले. चांगली पोटभर रडले. बाहेर मुलगी रडत होती, तिचा आवाज आता दाराआडही ऐकू येत होता. लोकर भिजून फार जड झाली होती. ती पिळायला अक्कांना हाक मारली, दोघींनी दोन टोकं धरून पिळली आणि गच्चीवर उन्हात टाकली.